निळी खूण म्हणजे होकार नव्हे

आपले घरगुती उद्योग आता घरापुरते राहिलेले नाहीत, मैत्रिणींनो. आमच्या मुळशी तालुक्यातच बघा. पिरंगुट-उरवड्याच्या कारखान्यांत डबे जातात. हिंजवडीच्या कंपन्यांना दिवाळीच्या फराळाची खोकी जातात. धरणाच्या काठच्या फार्महाऊसवर शनिवार-रविवारचा स्वयंपाक आमच्या बायका सांभाळतात. इंद्रायणी आणि आंबेमोहोर थेट पुण्याच्या सोसायट्यांमध्ये पोहोचतो. कुणी कापडी पिशव्या शिवतं, कुणी गोधड्या.

आणि हे सगळं ठरतं मोबाइलवर. भाव व्हॉट्सअ‍ॅपवर, नमुन्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, आगाऊ रक्कमही मोबाइलवरच. गिऱ्हाईक समोर येतच नाही. पण ‘करारनामा केला का?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं : ‘पाठवलाय की फोटो! बघितलाय त्यांनी, निळी खूण आलीय.’

कागद पाठवला, पण तो पोहोचला का? पोहोचला, पण उघडून वाचला का? वाचला, पण मान्य केला का? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. बचत गटांबरोबर काम करताना मी पाहते, की आपण पहिल्याच प्रश्नापाशी थांबतो. आणि पैसे अडकतात ते तिसऱ्या प्रश्नावर.

पाचशे की साडेतीनशे?

आमच्याकडच्या एका गटाची गोष्ट सांगते. दहा जणींचा गट, कापडी पिशव्या शिवणारा. एका कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमासाठी पिशव्यांची मागणी आली. गटाच्या सचिवताईंनी वहीच्या पानावर भाव लिहिला आणि फोटो काढून पाठवला. पहिल्या फोटोत तीनशे पिशव्या होत्या. मग फोनवर बोलणं झालं, दुसरा फोटो गेला, त्यात पाचशे. मग बंद लांब हवेत म्हणून तिसरा फोटो गेला. पलीकडून साहेबांचा अंगठा आला आणि खाली ‘ओके’.

गटाने पाचशे पिशव्या शिवल्या. एक पिशवी ८५ रुपयांना, म्हणजे ४२,५०० रुपयांचं काम. आगाऊ मिळाले होते दहा हजार. माल न्यायच्या वेळी कळलं, की ते साहेब नोकरी सोडून गेले आहेत. नवीन बाई सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे साडेतीनशेचीच नोंद आहे. आमच्या माणसाने पाचशेला हो म्हटल्याचं दाखवा, सगळ्या घेऊन जाते.’

दाखवणार काय? ‘ओके’ नक्की कुठल्या फोटोला होतं? त्यातून त्या संभाषणात निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय चालू होती. निम्मं बोलणं पुसूनच गेलं होतं. शेवटी साडेतीनशे पिशव्यांचे पैसे मिळाले आणि दीडशे पिशव्या, म्हणजे १२,७५० रुपयांचा माल गटाच्या गळ्यात पडला. त्या पिशव्यांवर कार्यक्रमाचं नाव छापलेलं, बाजारात कोण घेणार?

यात कुणी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. दोन्हीकडची माणसं खरंच बोलत असतील. कागद एकच असता आणि त्यालाच ‘हो’ आलेलं असतं, तर वादच झाला नसता.

नेटवर केलेला करार खरा असतो का?

बायका मला पहिल्यांदा हेच विचारतात. स्टॅम्पपेपर नाही, शिक्का नाही, मग हा करार कसला?

तर ऐका. आपल्या देशात करारांचा कायदा १८७२ सालचा आहे. करार लेखीच हवा असं तो सरसकट म्हणत नाही. दोघेही सज्ञान असावेत, राजीखुशीने हो म्हणावं, देवाणघेवाण कायदेशीर असावी, एवढं त्याला पुरतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. त्यात नंतर कलम १०-अ घातलं गेलं, ते ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. प्रस्ताव आणि होकार इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिला, एवढ्याच कारणाने करार निकामी ठरणार नाही, असं ते कलम सांगतं.

सर्वोच्च न्यायालयापुढे २०१० मध्ये ट्रायमेक्स आणि वेदांत या दोन कंपन्यांचं प्रकरण आलं होतं. ऑस्ट्रेलियातून बॉक्साइटची जहाजं आणायची होती. १५ ऑक्टोबर २००७ ला एकीने ईमेलने प्रस्ताव पाठवला, दुसऱ्या दिवशी दुसरीने ईमेलनेच होकार कळवला. रीतसर करारनाम्यावर सही व्हायची राहिली होती. तरीही न्यायालयाने सांगितलं, की महत्त्वाच्या अटी ठरल्या होत्या, म्हणजे करार झाला. जहाजभर मालाचा करार मेलवर होतो, तर आपल्या पिशव्यांचा का नाही होणार?

तरी काही कागदांना वेगळे नियम आहेत. मृत्युपत्र मेलवर होत नाही. जमिनीच्या खरेदीखताला दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागतेच. मोठ्या रकमेचा किंवा वर्षभराचा करार असेल तर मुद्रांक शुल्क किती, हे वकिलाला आधी विचारावं. मुद्रांक न भरलेला कागद न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, तो चालवायचा तर नंतर दंडासकट शुल्क भरावं लागतं. नेटवरचा कागदही त्यातून सुटत नाही.

निळ्या खुणेचा अर्थ

आता निळ्या खुणेचं. मुंबई उच्च न्यायालयात जून २०१८ मध्ये एक प्रकरण आलं. क्रेडिट कार्डाच्या थकलेल्या पैशांची वसुली होती आणि ज्यांच्याकडून पैसे यायचे ते गृहस्थ नोटीस घ्यायला सापडत नव्हते. तेव्हा कंपनीच्या माणसाने नोटिशीची पीडीएफ त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या खुणा पाहिल्या आणि म्हटलं, की निरोप आणि सोबतचा कागद नुसता पोहोचलेला नाही, तो उघडलाही गेला आहे. नोटीस बजावली गेली असं त्यांनी मानलं.

ही बातमी तेव्हा खूप गाजली आणि बऱ्याच जणींनी तिचा चुकीचा अर्थ घेतला. नोटीस ही सांगायची गोष्ट असते, ती समोरच्याला कळली की काम झालं. करारात समोरच्याने ‘हो’ म्हणावं लागतं. निळी खूण फार तर सांगेल की त्यांनी कागद उघडला. तो मान्य केला, हे ती सांगत नाही. शिवाय ही खूण सेटिंगमध्ये बंद ठेवता येते. आणि ‘तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर होकार समजू’ असं आपण लिहून भागत नाही. समोरच्याच्या गप्प राहण्याला एरवी होकार मानत नाहीत.

म्हणून अंगठा, हात जोडलेलं चित्र, ‘ओके’, ‘डन’ यांवर कापड खरेदी करू नये. समोरच्याकडून पूर्ण वाक्य मागावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आधी कागद समजला पाहिजे

पाठवण्याच्या आधीची एक पायरी आहे. कागद दोघांनाही वाचता आणि समजता आला पाहिजे. करार कायद्याच्या तेराव्या कलमात संमतीचा अर्थ सांगितला आहे : दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देणे. मला हे फार आवडतं. गिऱ्हाइकाने इंग्रजी करारनामा पाठवला आणि गटातल्या एकीलाही तो कळला नाही, तर ‘एकाच अर्थाने’ कुठून आणायचं?

न समजलेला कागद किंवा दुसऱ्याच्या नावावरचा कागद काय करतो, हे आमच्या तालुक्याला वेगळं सांगायला नको. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. मुंबईच्या विजेसाठी टाटांचं धरण होत होतं आणि मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. पण पुष्कळ जमिनीचं दुखणं त्याआधीचं होतं. खाचर कसणारा एक आणि कागदावर नाव पुण्याच्या सावकाराचं. भरपाईच्या तडजोडीला सावकार मंडळी राजी झाली आणि कसणारे उघड्यावर पडले. त्यांच्या अंगठ्याखाली काय लिहिलं होतं, ते त्यांना कधी वाचता आलं नव्हतं. आपल्या पिशव्यांचा करार त्यामानाने किती लहान! पण सवय लहान कागदापासूनच लागते.

तेव्हा करारनामा मराठीत लिहावा, मराठीतला करार पूर्ण वैध असतो. गिऱ्हाईक इंग्रजी मागत असेल तर दोन्ही भाषांत करावा आणि ‘अर्थात फरक पडल्यास मराठी मजकूर धरावा’ असं एक वाक्य घालावं. लांबण लावू नये. माल काय, नग किती, दर काय, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, द्यायची तारीख, आगाऊ किती, उरलेले पैसे कधी, मागणी बदलली किंवा रद्द केली तर काय, आणि ने-आणीचा खर्च कुणाचा. दोन पानांत सगळं मावतं. नंतर गटाच्या बैठकीत एकीने ते मोठ्याने वाचावं. ऐकणाऱ्या बाईने ‘म्हणजे काय?’ विचारलं, की ते वाक्य बदलावं.

पाठवायचं कसं?

फोटो पाठवू नका, पीडीएफ करा. वहीच्या पानाचे चार फोटो पाठवले की पानं मागेपुढे होतात, कोपरे कापले जातात. वर्डची फाइलही पाठवू नये. एक तर ती कुणालाही बदलता येते. दुसरं म्हणजे डीटीपीवाल्याने जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केली असेल, तर गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. पीडीएफमध्ये अक्षर सहसा आहे तसं राहतं. हाताने लिहिलेला कागद असेल तर मोबाइलच्या स्कॅनरने सगळ्या पानांची मिळून एकच पीडीएफ बनवावी. गुगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये ही सोय आहे.

फाइलला नाव द्या. ‘स्कॅन ००४७’ हे काही नाव नव्हे. ‘पिशव्या ५०० – करार १ – १० जून’ असं नाव द्यावं. मागणी बदलली तर जुन्या फाइलमध्ये खाडाखोड न करता ‘करार २ – १४ जून’ करावा आणि पहिल्याच ओळीत लिहावं, ‘हा करार १० जूनच्या करार १ ऐवजी आहे.’ पानांवर ‘२ पैकी १’, ‘२ पैकी २’ असे आकडे घालावेत. त्या गटाचा घोटाळा एवढ्याने टळला असता.

करारनामा मेलने पाठवा, खबर व्हॉट्सअ‍ॅपने द्या. मेलवर तारीख, वेळ, पाठवणारा, घेणारा आणि जोडलेली फाइल हे सगळं एका जागी राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पुसता येतो आणि पहिली काही मिनिटं बदलताही येतो. म्हणून करारनामा मेलवर पाठवून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं, ‘मेल पाठवला आहे, पाहून उत्तर द्यावे.’ गिऱ्हाईक कंपनी असेल तर कंपनीच्या पत्त्यावरचा मेल मागावा. साहेबांच्या खासगी मेलवर पाठवलं, की साहेब गेले की मेलही गेला. त्यांना मागणी द्यायचा अधिकार आहे ना, हेही विचारावं. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर घालून बघता येतो, नोंद कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं.

होकाराचं वाक्य आपणच लिहून द्या. लोकांना उत्तर द्यायचा कंटाळा असतो, तयार वाक्य दिलं की ते पटकन पाठवतात. आमच्या गटाने आता हा मजकूर ठरवून टाकला आहे :

‘नमस्कार. आपल्या मागणीचा करारनामा सोबत जोडला आहे. फाइलचे नाव : पिशव्या ५०० – करार १ – १० जून. पाने दोन. रक्कम व तारखा दुसऱ्या पानावर आहेत. वाचून, “१० जूनचा दोन पानी करार १ वाचला, सर्व अटी मान्य आहेत” असे उत्तर आपल्या नावासह याच मेलवर १३ जूनपर्यंत पाठवावे. उत्तर आल्यावर कापड खरेदी करू.’

त्यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कापड आणायचं थांबवलं, की उत्तर बरोबर येतं!

लिंक पाठवताना कुलूप बघा. गुगल ड्राइव्हवर फाइल ठेवून लिंक पाठवत असाल, तर ती ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडता येते की ठरावीक मेलवाल्यांनाच, हे तपासावं. ठरावीक मेल घालावा आणि ‘फक्त पाहता येईल’ ही परवानगी द्यावी. काम संपलं की परवानगी काढून घ्यावी. लिंकमागची फाइल मालकाला नंतर बदलता येते, म्हणून गिऱ्हाईकही कुरकुर करू शकतं. त्यापेक्षा अंतिम करारनामा मेलला जोडूनच पाठवलेला बरा. बँकेचा तपशील असेल तर पीडीएफला पासवर्ड घालून तो फोनवर सांगावा. त्याच मेलमध्ये पासवर्ड लिहिणं म्हणजे कुलपालाच किल्ली लटकवणं!

गटाचा मेल गटाचाच ठेवा. पुष्कळ गटांचा मेल कुणाच्या तरी मुलाने उघडून दिलेला असतो आणि पासवर्ड त्यालाच माहीत असतो. तो नोकरीला गेला की गटाचे कागद अडकले. मेलला जोडलेला मोबाइल नंबर सदस्येचाच असावा, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींना माहीत असावा, आणि पदाधिकारी बदलल्या की तो बदलावा. ताम्हिणीकडच्या गावांत पावसाळ्यात रेंज जाते, वीज जाते. म्हणून करारनामा मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा, आणि उत्तराची मुदत ठेवताना आपल्यालाही मेल बघता येईल असे दिवस धरावेत.

सहीचं काय?

कागदावर सही करून त्याची पीडीएफ पाठवली तरी चालते, मात्र मूळ कागद जपून ठेवावा. सहीचा फोटो कापून फाइलवर चिकटवणं टाळावं, तो कुणीही उचलून भलत्या कागदावर लावू शकतो.

मोठं काम असेल तर ‘ई-साइन’ आहे. २०१५ पासून ही सोय कायद्यात बसवली गेली. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो घातला की त्या कागदावर तुमची इलेक्ट्रॉनिक सही होते. नंतर कागदात एक अक्षर जरी बदललं, तरी तपासताना ते कळतं. सरकारमान्य संस्थाच ही सेवा देतात. आपल्या पुण्याच्या सी-डॅकची ‘ई-हस्ताक्षर’ त्यातलीच. मात्र हा ओटीपी म्हणजे तुमची सही आहे हे विसरू नका. ‘ताई, ओटीपी सांगा, मी करून देतो’ असं कुणी म्हटलं तर सांगायचा नाही. कागद वाचून आपला आपण घालायचा.

हिंजवडी, माण, भूगाव भागात ज्या खोल्या भाड्याने देतात, त्यांच्यासाठी एक सूचना. भाडेकरूशी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार नुसत्या मेलवर ठेवून चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. राज्याच्या नोंदणी विभागाने ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन करायची सोय केलेली आहे.

भामट्यांपासून जपा

करारनामा आला म्हणजे माणूस खरा, असं नसतं. ‘मोठी ऑर्डर आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असा फोन आला की सावध व्हा. लष्करातला अधिकारी बोलतोय असं सांगून असं फसवल्याचे प्रकार झाले आहेत. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच घालावा लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना. करारनाम्याच्या नावाखाली आलेल्या फाइलच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर उघडू नका. तो कागद नसून अ‍ॅप असतं आणि ते तुमच्या मोबाइलचा ताबा घेऊ शकतं. फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० या हेल्पलाइनवर कळवावं. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

कुणी ओळख म्हणून आधार मागितलं तर ‘मास्क्ड’ आधार द्यावं. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते उतरवता येतं आणि त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. दहा जणींच्या आधारकार्डांचे फोटो कंपनीच्या ग्रुपवर टाकायचं तर काहीच कारण नाही.

कागद सांभाळणं

करार झाला की आपण मोबाइल ‘साफ’ करतो. तसं करू नका. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, असा वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण पुराव्यात आलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कागद कधी पोहोचला, हाच तिथेही प्रश्न होता! जुलै २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची तर ठरावीक प्रमाणपत्र लागतं. मूळ मोबाइल किंवा कॉम्प्युटर मालकाने स्वतः हजर केला तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्र आहेच, त्याचा नमुना वकील देतील.

आपल्या कामाचा भाग एवढाच, की नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. मूळ मेल पुसू नये. व्यवसायाच्या संभाषणात निरोप आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद ठेवावी. मोबाइल बदलताना सगळं नव्या मोबाइलवर घ्यावं आणि जुना लगेच भंगारात देऊ नये. अंतिम करारनामा आणि होकाराचा मेल छापून गटाच्या फाइलला लावावा.

पैशांची तारीख

हे सगळं शेवटी कशासाठी? घामाचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ सालचा आहे. माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाला गिऱ्हाइकाने ठरलेल्या दिवशी पैसे दिले पाहिजेत, आणि तो दिवस माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी ठरलेलं नसेल तर ही मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. आणि बघा, माल हाती पडल्यापासून १५ दिवसांत गिऱ्हाइकाने लेखी तक्रार केली नाही, तर माल स्वीकारला असंच धरतात. करारावर गप्प राहणं म्हणजे होकार नाही, पण मालावर गप्प राहणं म्हणजे स्वीकार. म्हणून माल पोहोचल्याची तारीखही मेलवर लिहून घ्यावी.

यासाठी उद्यम नोंदणी लागते. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. नोंदणी मागणी घेण्याआधीच करावी. नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना उशिराच्या पैशांची ही तरतूद लागू नाही, हेही माहीत असावं.

पाठवण्याआधी एवढं पाहा

• करारनामा गटात मोठ्याने वाचला का?
• एकच पीडीएफ, नाव, तारीख, पानांचे आकडे आहेत का?
• कंपनीच्या मेलवर, अधिकार असलेल्या माणसाला पाठवला का?
• होकाराचं पूर्ण वाक्य आणि मुदत लिहिली का?
• ‘मान्य’ असं उत्तर आल्यावरच खर्चाला हात घातला का?
• करारनामा आणि उत्तर छापून फाइलला लावलं का?

त्या पिशव्यांच्या गटाला नंतर दुसऱ्या एका ठिकाणची मागणी मिळाली. या वेळी दोन पानी पीडीएफ गेली, मेलवर ‘सर्व अटी मान्य’ आलं, आणि मगच कापड आणलं. माल द्यायच्या वेळी तिथले लेखापाल म्हणाले, पैसे साठ दिवसांनी. सचिवताईंनी न भांडता मोबाइल पुढे केला : करार १, पान दोन, तीस दिवस, खाली त्यांच्याच साहेबांचा होकार. ‘बरं बरं,’ म्हणाले, आणि सविसाव्या दिवशी पैसे जमा झाले.